बेवारस अलर्ट

आमच्या धंद्यात 'ऑन-कॉल' नावाचा एक छळ असतो. ज्यांनी तो भोगलाय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: आठवडाभर तुमचा फोन तुमचा राहत नाही. रात्री अडीचला तो केकाटतो की अमुक सर्व्हर आडवा झालाय किंवा तमुक डिस्क भरत आलीय. तुम्ही चरफडत उठता, लॅपटॉप उघडता आणि बऱ्याच वेळा काहीही झालेलं नसतं. कुणीतरी कधीकाळी 'असू दे, सावध असलेलं बरं' म्हणून एक अलर्ट लावून ठेवलेला असतो आणि ते महाशय नोकरी बदलून बंगलोरला गेलेले असतात.

अशा दोन-चार वर्षं रात्री काढल्या की टीमला शहाणपण येतं. मग नियम होतो: ज्या अलर्टला मालक नाही तो अलर्ट बंद. ज्याच्या नावावर तो आहे त्याने शेवटपर्यंत जाऊन बघायचं की भानगड खरी होती की खोटी, आणि जे निघालं ते लिहून तो अलर्ट बंद करायचा. खोटा निघाला तर 'खोटा होता' असं सगळ्यांना दिसेल तिथे लिहायचं. हा शेवटचा भाग सगळ्यात कंटाळवाणा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

आता हेच लोक (म्हणजे आपणच) संध्याकाळी घरी येतात, बूट काढतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादा फोटो आला की डोळे मिटून पुढे ढकलतात. दिवसभर सर्व्हरसाठी जी शिस्त पाळली ती माणसांसाठी नको?

या वर्षीचं उदाहरण सांगतो. आमची सोसायटी वाकडला, साधारण चारशे फ्लॅट. एका दुपारी ग्रुपवर फोटो आला: बागेच्या फाटकाशी उभी असलेली एक बाई, कडेवर मूल, शेजारी पिशवी घेतलेला एक माणूस. खाली मजकूर, 'हे दोघे दहा मिनिटांपासून मुलांकडे बघत उभे आहेत. मुलं पळवणारी टोळी असू शकते. सर्वांनी सावध राहा. फॉरवर्ड करा.' दीड तासात तो फोटो शेजारच्या तीन सोसायट्यांच्या ग्रुपवर, एका शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आणि माझ्या जिमच्या ग्रुपवरही येऊन पोचला. जिमच्या ग्रुपपर्यंत येताना 'असू शकते'चं 'आहे' झालं होतं.

ती बाई होती आमच्याच बी विंगमध्ये काम करणाऱ्या मावशींची जाऊ. गावाहून आली होती, मावशींकडे खोलीची किल्ली होती आणि मावशींचं चौथं काम संपायचं होतं, म्हणून उभी होती. हे शोधायला फार गुप्तहेरगिरी लागली नाही. गेटवरच्या वॉचमनला सगळं माहीत होतं. तो लातूरचा, ती उदगीरची. आत सोडण्याआधी त्याने रीतसर चौकशी केली होती, वर इंटरकॉम करून मावशींना निरोपही दिला होता. चारशे घरांत त्याला विचारावं असं एकालाही वाटलं नाही.

बरं, कळल्यावर तरी काय झालं? ग्रुपवर कुणीतरी 'ओके' लिहिलं, कुणीतरी अंगठा दाखवला. फोटो टाकणाऱ्याने तो आपल्या ग्रुपवरून काढला. जिमच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर 'खोटं होतं' असं कुणीच कळवलं नाही. मावशींचं शेजारच्या सोसायटीतलं एक काम सुटलं. आणि दोन महिन्यांनी माझ्या नाशिकच्या आतेभावाने मला तोच फोटो पाठवला, 'पाथर्डी फाट्यावर ही टोळी फिरतेय, तुझ्याकडे पण काळजी घे' असं लिहून. तीच बाई, तेच मूल, तीच पिशवी. मालक नसलेला अलर्ट असा गावोगाव फिरतो.

'एखादा चुकला तर चुकला, पण शंभरातून एकदा तरी खरा चोर सापडेल ना?' असं एका काकांनी मला लिफ्टमध्ये विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून घरी जाऊन गणित मांडलं. (इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार.) समजा रोज पाचशे बाहेरची माणसं आत येतात: कामवाल्या मावशी, डिलिव्हरीची पोरं, ड्रायव्हर, प्लंबर, पाहुणे. वर्षाला झाल्या सुमारे एक लाख ब्याऐंशी हजार खेपा. त्यातल्या पाच खेपा वाईट हेतूने झाल्या असं धरू. आणि आपली नजर विलक्षण तयार आहे असंही धरू, म्हणजे दहातले नऊ चोर ती ओळखते आणि भल्या माणसांपैकी शंभरात फक्त एकावर उगाच संशय घेते. अशी नजर पोलिसांचीही नसते. तरी वर्षाला अठराशेच्या वर निर्दोष माणसं संशयित ठरतात आणि खरे चोर सापडतात चार-पाच. म्हणजे चारशे फोटो टाकले तर त्यात एक चोर. आकडे माझे आहेत, मनातले आहेत, वाटलं तर बदलून बघा. गुन्हेगार मुळात विरळा असल्यामुळे उत्तराचा तोंडवळा फारसा बदलत नाही.

काकांना हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. उत्तर आलं, 'छान. आता त्या एका चोराबद्दल बोला.' :)

सोसायटीत प्रकरण एका मावशींच्या एका कामावर निभावलं. सगळीकडे निभावत नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या भागात कित्येक दिवस फिरत होते. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त पुरलं असं तेव्हा बातम्यांत आलं. जमावाने त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेही मारलं. पाचजण मेले. जमावातल्या अनेकांच्या हातात मोबाईल होते, चित्रण करायला. एकाही मुलाला कुणी पळवलेलं नव्हतं.

राईनपाडा आपल्याला आठवतं. त्याच रात्री मालेगावात काय झालं ते फार कुणाला आठवत नाही. तिथेही हीच अफवा, तिथेही परगावची पाच माणसं आणि त्यात एक लहान मूल, तिथेही मोठा जमाव. पण तिथल्या एका रहिवाशाने त्या सगळ्यांना स्वतःच्या घरात घेतलं आणि दार लावून घेतलं. पोलीस आले, जमावाने त्यांनाही जुमानलं नाही, पण ती पाचही माणसं जिवंत बाहेर निघाली. एकच जिल्ह्याची सीमा मध्ये, एकच दिवस, एकच अफवा. फरक एवढाच की मालेगावात एका माणसाने 'हे आता माझ्या नावावर' असं ठरवलं. आमच्या भाषेत बोलायचं तर अलर्टला मालक मिळाला. मला हा माणूस फार मोठा वाटतो. आपल्या मोहल्ल्यातल्या, रोज तोंड बघायच्या लोकांच्या विरोधात दार लावून घ्यायला काय लागत असेल, कल्पना करा.

त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरले त्यातल्या एकाची कथा तर एखाद्या वाईट विनोदासारखी आहे. मोटारसायकलवरून दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतून एकाला उचलतात आणि पसार होतात. पाहून कुणाच्याही पोटात गोळा येईल. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने केलेला जनजागृतीपट होता. त्याच्या शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि 'मुलांकडे लक्ष ठेवा' अशा अर्थाचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापून टाकला. म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली फिल्म, तिची शेपटी तोडली आणि ती माणसं मारायच्या कामी आली.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेले मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं. चांगलं केलं. पण एक इंजिनिअर म्हणून सांगतो, याने अफवेचा वेग कमी होतो, अफवा बंद होत नाही. रस्त्यावर गतिरोधक टाकला म्हणून गाडी घरी परत जात नाही. 'हे खोटं निघालं' हा मेसेज मूळ मेसेज जिथे जिथे गेला तिथे तिथे पोचवायची सोय अजून कुणी केलेली नाही. आणि केली तरी ते बटण दाबणार कोण, हा प्रश्न उरतोच.

आता भीतीबद्दल. भीतीला हसणारे लेख मला आवडत नाहीत, विशेषतः रात्री बाराला निवांत चहा प्यायला बाहेर पडू शकणाऱ्या पुरुषांनी लिहिलेले. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी सेकंड शिफ्टला असतात. नवरा महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर, मुलगी सहा वर्षांची. ग्रुपवरचा प्रत्येक फोटो त्या उघडून बघतात. त्यांना 'गणित बघा' म्हणून गप्प करणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. पुण्यात २००७ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये कामावरून येता-जाताना नोकरदार तरुणींचे खून झाले, त्यात गुन्हेगार कॅबचे ड्रायव्हर होते. जानेवारी २०१७ मध्ये हिंजवडीत एका इंजिनिअर मुलीचा खून रविवारी, ऑफिसातच झाला, आणि तो करणारा तिथला सुरक्षारक्षक होता. वहिनींच्या पिढीने या बातम्या वाचत नोकऱ्या केल्यात.

पण या प्रकरणांनंतर ज्याचा खरंच उपयोग झाला ते काय होतं? रात्री सगळ्यात शेवटी उतरणारी व्यक्ती एकटी बाई नसावी, असली तर गाडीत रक्षक असावा, गाडीवर जीपीएस असावं, ड्रायव्हरची आधी पडताळणी झालेली असावी, आणि घरी पोचल्याचा फोन कुणीतरी घ्यावा. सगळे रूक्ष नियम. प्रत्येक नियमाला एक जबाबदार माणूस, आणि चुकला तर त्याला विचारता येतं. त्यात अनोळखी माणसांचे फोटो फिरवणं कुठेच नव्हतं.

मध्यंतरी आमच्याकडे खरा, मोठा गुन्हा घडला. आणि तो गेटमधून आलाच नाही. डी विंगमधल्या एका निवृत्त काकांना 'डिजिटल अरेस्ट' केलं. म्हणजे काय ते आता बहुतेकांना माहीत असेल: व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेषातला माणूस, तुमच्या नावाने आलेलं कुरियर, त्यात ड्रग्ज, फोन ठेवायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, खात्यातले पैसे 'तपासणीसाठी' वळते करा. असली कुठलीही अटक आपल्या कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. काका दोन दिवस त्या कॉलवर होते. साडेअकरा लाख गेले. १९३० या हेल्पलाइनला फोन केला तो तिसऱ्या दिवशी. त्या नंबरला महत्त्व असतं ते पहिल्या तासा-दोन तासांत, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत.

त्या दोन दिवसांची गेटवरची नोंद मी नंतर पाहिली. चोख आहे. दूधवाला आला, ओटीपी देऊन आत गेला. कुरियरवाल्याचा फोटो आहे. कामवाल्या मावशी सकाळी ८:१० ला आत, ८:१६ ला बाहेर. आपण ज्याला सुरक्षा म्हणतो ते सगळं व्यवस्थित चालू होतं. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर याला 'सिक्युरिटी थिएटर' म्हणतो: सुरक्षित वाटायला लावणारं, पण सुरक्षित न करणारं नाटक.

त्यातली ती ८:१६ ची नोंद मात्र मला छळते. मावशी सहा मिनिटांत का परतल्या? काकांनी दार किलकिलं करून 'आज नको' म्हणून पाठवलं. मावशींनी पाहिलं की काकांचा चेहरा उतरलाय, आत कुणीतरी हिंदीत दरडावतंय आणि काका 'जी सर, जी सर' म्हणतायत. त्यांनी खाली येऊन वॉचमनला सांगितलंसुद्धा, 'डी विंगच्या काकांचं काहीतरी बिनसलंय.' वॉचमन म्हणाला, मी कुणाला सांगू? खरंच, कुणाला सांगणार? ग्रुपवर चारशेच्या वर सभासद आहेत, त्यात ना मावशी आहेत ना वॉचमन. सोसायटीत दिवसभर सगळ्यात जास्त घरं आतून पाहणारी माणसं मावशी, आणि सगळ्यात जास्त चेहरे ओळखणारा माणूस वॉचमन. या दोघांवर आपण नजर ठेवतो. त्यांच्या नजरेचा उपयोग करून घ्यायची मात्र काहीही सोय नाही.

इथे काहीजणांना चाळ आठवेल. आमच्या आजोबांना आठवायचीच. गॅलरीत कायम कुणीतरी बसलेलं, त्यामुळे चोराची हिंमत नसायची वगैरे. १९६१ मध्ये जेन जेकब्ज या बाईंनी अमेरिकन शहरांवर लिहिताना हेच म्हटलं, की रस्त्यावर खिळलेले डोळे हीच खरी सुरक्षा. पटतं. पण आजोबा सांगायचे नाहीत ती दुसरी बाजू आत्याकडून ऐकलीय. तेच गॅलरीतले डोळे तिला कॉलेजातून यायला उशीर झाला की घड्याळ बघायचे. आजही 'बॅचलर्सना जागा नाही' आणि 'रात्री दहानंतर मुलींचे मित्र वर नकोत' हे नियम सुरक्षेच्याच नावाखाली येतात. आपल्यातल्या निम्म्यांनी पहिली भाड्याची खोली शोधताना ते ऐकलेत. तेव्हा गॅलरी परत आणा असं माझं म्हणणं नाही. नजर कुणाची आहे, कुणावर आहे आणि नजर ठेवणाऱ्याला कोण जाब विचारतो, एवढं बघावं.

याचं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण भिवंडीचं आहे, आणि ते आपल्याला शाळेत का शिकवत नाहीत कळत नाही. १९७० आणि १९८४ मध्ये भयंकर दंगली झालेलं यंत्रमागांचं गाव. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. हिंदू, मुसलमान, सामान्य रहिवासी, त्यात त्या भागाचा साधा पोलीस शिपाईही बसलेला. बैठकीत दंगलीवर भाषणं नाहीत. गटाराचं पाणी, भोंग्याचा आवाज, दोन शेजाऱ्यांचं भांडण. असल्या बारीकसारीक गोष्टी वर्षानुवर्षं एकत्र बसून निपटल्या की अफवा उठते तेव्हा कुणाला फोन करायचा ते माहीत असतं, आणि पलीकडचा माणूस तो उचलतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत जमावाने दोन पोलिसांना मारलं, हेही लिहायलाच हवं. एकदा लस टोचली की जन्मभर पुरते, असं हे काम नाही.

तर आमच्या एजीएमपुढे सध्या एक ठराव आहे: गेटवर चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवायचे आणि 'संशयितांचे' फोटो अधिकृतपणे ग्रुपवर टाकायचे. माझा विरोध आहे आणि नुसता विरोध करून भागणार नाही म्हणून पर्यायी ठराव दिलाय. पाचजणांची समिती. तीन रहिवासी, एक वॉचमन, एक कामवाल्या मावशींच्या वतीने. ग्रुपवर माणसांचे फोटो टाकायला बंदी. कुणाबद्दल शंका आली तर समितीच्या नंबरवर फोन, धोका समोर दिसत असेल तर थेट ११२. ज्याने फोन घेतला त्याच्या नावावर ती तक्रार, आणि चोवीस तासांत काय निघालं ते त्याने सगळ्यांना कळवायचं. मावशींना आणि वॉचमनलाही तोच नंबर.

चेअरमन म्हणाले, मावशी समितीत बसल्या तर उद्या त्या पगारवाढ मागतील. मागू देत की. सेक्रेटरींचा मुद्दा जास्त खरा आहे: रात्री दोनला फोन उचलणार कोण? आठवडे वाटून घेऊ म्हटलं, पहिला आठवडा माझा, मला सवय आहे.

ठरावाला अनुमोदक लागतो, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे गेलो होतो. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "सही करते, पण आधी पार्किंगच्या वळणावरचा दिवा लावा. कॅब तिथेच सोडते मला." त्या दिव्याची तक्रार फेब्रुवारीपासून नोंदवहीत आहे. पुढचा 'कुणी बघितली' हा रकाना कोरा.